ड्रॉइंग नसलेलं काम

तंबाखूचा पाइप दुरुस्तीला आला की मी सर्वांत आधी त्याचा वास घेतो. मग तो दिव्याखाली धरतो, भिंग लावतो, शिक्के वाचतो. पण पहिलं काम वासाचं. ही सवय मला उशिरा लागली. ती लागण्याआधी माझ्या हातून एक गोष्ट कायमची पुसली गेली. तिच्याबद्दल सांगायचं तर हा छंद मला कसा जडला, तिथून सुरुवात करायला हवी.

पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात मी ३१ वर्षं टूलरूममध्ये काम केलं. साचे, डाय, जिग आणि फिक्स्चर बनवायची ती जागा. पहिल्याच आठवड्यात आमच्या फोरमननी एक गोष्ट मनावर बिंबवली होती : ड्रॉइंग हातात आल्याशिवाय जॉबला हात लावायचा नाही. कापून काढलेला धातू परत लावता येत नाही. निवृत्त झाल्यावर मी घराच्या मागच्या गॅलरीत एक छोटा लेथ बसवला आणि रविवारी सकाळी जुन्या बाजारात जायला लागलो. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. मी जायचो तो जुने मायक्रोमीटर आणि कानशी शोधायला. अशाच एका रविवारी पान्यांच्या ढिगात मला एक पाइप दिसला. वाटीच्या कडेवर काजळीचा जाड थर, दांड्यावर काळी पडलेली पट्टी, आणि तोंडात धरायचा स्टेम वाळक्या शेणासारख्या रंगाचा. विकणाऱ्याने १५० रुपये सांगितले, मी दिले.

मी आयुष्यात तंबाखूला शिवलेलो नाही. माझे मामा तंबाखूपायी तोंडाच्या कॅन्सरने गेले, त्यांचे शेवटचे सहा महिने मी जवळून पाहिले आहेत. पाइपचा धूरही तोच रोग देतो, याबद्दल माझ्या मनात कणभर शंका नाही. तरीही ती वस्तू मी घरी आणली, कारण तिच्यातलं काम मला दिसलं. दांडा आणि स्टेम जिथे एकमेकांना भेटत होते, तिथे नख फिरवलं तर सांधा लागत नव्हता. लाकूड आणि रबर, दोन्ही वेगवेगळ्या तऱ्हेने फुगणारे आणि आक्रसणारे पदार्थ. इतकी वर्षं लोटूनही ते पातळीत होते. ज्याने आयुष्यभर फिट आणि टॉलरन्स मोजले, त्याला असा सांधा सोडवत नाही.

घरी येऊन स्टेमवर पाण्यात बुडवलेला ४०० नंबरचा वॉटर पेपर फिरवला आणि गंधकाचा वास सुटला. फटाके उडाल्यावर अंगणात रेंगाळतो तसा. तपकिरी पाणी ओघळलं, खाली काळं दिसायला लागलं, आणि मला एकदम माझं शाळेतलं शाईचं पेन आठवलं. तो पदार्थ एबोनाइट होता. रबरात भरपूर गंधक घालून ते बराच वेळ तापवलं की हा कडक, काळाभोर पदार्थ तयार होतो. रबर आणि गंधक यांचं नातं चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडलं, आणि कडक रबराचं अमेरिकी पेटंट त्याच्या भावाला, नेल्सनला, १८५१ मध्ये मिळालं. दातांखाली हा पदार्थ काचेसारखा कडक लागत नाही, लेथवर छान कापला जातो, घासला की आरशासारखा होतो. दोष एकच : ऊन आणि ओल लागली की वरच्या थरातलं गंधक बिघडतं आणि काळ्याचा हिरवट-तपकिरी होतो. खिडकीत ठेवलेला पाइप म्हणूनच एका बाजूने जास्त पिवळा असतो. तो कुठे ठेवलेला होता, हे त्यावरूनही कळतं.

चारशेनंतर सहाशे, आठशे, हजार, दोन हजार. प्रत्येक नंबरचा पेपर आधीच्या पेपरच्या रेघा पुसतो आणि स्वतःच्या बारीक रेघा ठेवतो. घाई करून मधला एक नंबर गाळला तर त्या रेघा शेवटी, पॉलिश झाल्यावर वर येतात, आणि परत मागे जावं लागतं. स्टेमच्या खांद्याची धार बोथट होऊ नये म्हणून मी दांडा आणि स्टेमच्या मध्ये प्लॅस्टिकच्या झाकणातून कापलेली एक चकती घालतो. घासून निघालेली एबोनाइटची पूड फेकत नाही. ती एका डबीत साठवतो. स्टेमला खड्डा असला की फेविक्विकमध्ये ही पूड कालवून भरतो. सुकल्यावर घासलं की भरलेली जागा डोळ्यांना सापडत नाही. खड्डा उथळ असेल तर त्याचीही गरज नसते. एबोनाइटला नुसती ऊब दिली की दातांनी दाबलेला भाग हळूहळू वर येतो. साच्यातून निघतानाचा आपला आकार तो पदार्थ विसरलेला नसतो.

लाकडाची ओळख व्हायला मात्र मला वर्ष लागलं. पाइपचं उत्तम लाकूड ब्रायरचं. भूमध्य समुद्राच्या काठी एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप वाढतं. त्याच्या खोडाच्या आणि मुळांच्या मध्ये जमिनीखाली एक गाठ धरते. ती गाठ म्हणजे ब्रायर. खणून काढलेल्या गाठीचे ठोकळे तासन्‌तास उकळतात, म्हणजे चीक आणि रस निघून जातो, आणि मग महिनोन्‌महिने सावलीत वाळवतात. खडकाळ जमिनीत, पाण्यावाचून, वणव्यांच्या प्रदेशात वाढलेलं हे लाकूड आतमध्ये निखारा ठेवला तरी सहज जळत नाही. फ्रान्समधल्या जुरा डोंगरातल्या सँ-क्लोद गावात लाकडाच्या कातकामाची परंपरा जुनी होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या कारागिरांनी ब्रायरचे पाइप करायला घेतले आणि गावाचं नाव जगभर गेलं. त्याआधी युरोपात मातीचे पाइप ओढत. ते आपल्या चिलमीसारखेच ठिसूळ, पडले की फुटणारे. ब्रायरचा पाइप पडला तर त्याला पोचा येतो. त्या पोच्यावर ओलं फडकं ठेवून तापलेली सुरी टेकवली की वाफ लाकडात शिरते, दबलेले तंतू फुगतात, आणि पोचा भरून येतो. पहिल्यांदा हे डोळ्यांसमोर घडलं तेव्हा मी बायकोला हाक मारून दाखवलं होतं.

सगळ्यांत चिवट काम आतलं. वाटीच्या भिंतीवर कोळशाचा थर साचतो. थोडा थर हवाच असतो, तो लाकडाला आगीपासून वाचवतो. पण तो वाढत गेला तर तापल्यावर लाकडापेक्षा वेगळ्या मापाने फुगतो आणि वाटीला चीर पाडतो. मी लेथवर माझ्यासाठी चार मापांचे खरवडे करून घेतले आहेत. साधारण एक मिलिमीटर थर ठेवून बाकीचा काढतो. एका बैठकीत नाही, दोन-तीन बैठकांत, भिंत चाचपत. मग धुराचा मार्ग. तो सुमारे ४ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि त्यात कीट भरलेलं असतं : डांबरासारखं, चिकट, काळपट. तारेवर कापूस गुंडाळलेले क्लीनर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून आत घालायचे आणि बाहेर काढायचे. पहिले दहा काळे निघतात, पुढचे दहा तपकिरी, मग चहासारखे, मग पांढरे. डब्लिनच्या पीटरसन कंपनीच्या ‘सिस्टिम’ पाइपमध्ये धुरातली ओल साठायला दांड्यात एक छोटी विहीरच असते. १८९० चं पेटंट आहे त्याचं. अशा पाइपला मला एकदा ६० क्लीनर लागले. सगळ्यात शेवटी वाटीत कापूस कोंबून त्यावर ड्रॉपरने अल्कोहोल सोडायचं आणि रात्रभर ठेवायचं. लाकडात मुरलेलं कीट अल्कोहोल ओढून आणतं. सकाळी कापूस काढला की तो काळपट-तांबूस झालेला असतो.

आणि वास जातो. आधी हा मी कामाचा विजय मानत असे.

कधी स्टेमचं टोक दांड्यातच मोडून बसलेलं असतं. बहुतेक वेळा कारण एकच : पाइप तापलेला असताना कोणीतरी स्टेम पिरगाळून काढलेला. असा जॉब आला की माझी जुनी नोकरी हाताशी येते. अडकलेला तुकडा काढायचा, स्टेमला नेमकं मधोमध भोक पाडायचं, एबोनाइटच्या सळईतून नवं टोक काढायचं आणि दांड्याच्या भोकाला बसेल असं मिलिमीटरच्या शंभराव्या भागात घासत आणायचं. घट्ट झालं तर दांडा चिरतो, सैल झालं तर स्टेम गळून पडतो. भोक केसभर बाजूला गेलं तर स्टेम आयुष्यभर तिरका दिसतो. सांधा बसताना होतो तो मऊ, हवा दाबल्यासारखा आवाज ऐकला की त्या दिवशी मला आणखी काही नको असतं.

त्या १५० रुपयांच्या पाइपची काळी पट्टी चांदीची निघाली. पुसल्यावर तिच्यावर तीन बारीक शिक्के दिसले. चालणारा सिंह, म्हणजे १००० भागांत ९२५ भाग शुद्ध स्टर्लिंग चांदी. नांगर, म्हणजे १७७३ पासून चालत आलेल्या बर्मिंगहॅमच्या तपासणी कचेरीची खूण. आणि एक अक्षर, जे वर्ष सांगतं. तक्त्याशी ताडून पाहिलं तर १९२० नंतरच्या दशकातलं निघालं. कॅम्पातल्या किंवा खडकीतल्या कुठल्या बंगल्यात तो आला असेल, मग कुणाला दिला गेला असेल, कुठल्या माळ्यावर पडला असेल, हे कळायला मार्ग नाही. पण माणूस थोडासा कळतो. कोनन डॉयलची १८९३ सालची ‘द यलो फेस’ ही होम्सकथा वाचली तेव्हा मला फार आनंद झाला होता. त्यात एक पाहुणा आपला पाइप विसरून जातो आणि होम्स त्यावरून माणूस वाचतो. वाटी उजव्या बाजूने भाजलेली, म्हणून माणूस डावखुरा. आणि पाइप दोनदा चांदीच्या पट्ट्या घालून सांधलेला. ती दुरुस्ती मूळ किमतीपेक्षा महाग पडली असणार, म्हणजे त्या माणसाचा त्याच्यावर फार जीव. मीही असंच वाचायला शिकलो. कड कुठे भाजली आहे, दात कुठे रुतले आहेत, अंगठ्याच्या जागी लाकूड किती गडद झालं आहे. हे सगळं मी वाचायचो, वहीत लिहायचो, आणि मग घासून काढायचो.

पहिला धक्का एका शिक्क्याने दिला. दांड्यावर कारखान्याचं नाव ठशाने उमटवलेलं असतं, जेमतेम कागदाच्या जाडीइतकं खोल. एकदा बफिंगच्या चाकावर, पॉलिशच्या नादात, मी ते नाव अर्धं उडवलं. लाकूड चमकत होतं आणि पाइप अनामिक झाला होता. त्या दिवसापासून शिक्क्यावर टेप चिकटवल्याशिवाय मी चाक चालू करत नाही. मला वाटलं, धडा शिकलो. पण मी फक्त नावापुरता शिकलो होतो.

आमच्या समोरच्या इमारतीत बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई राहतात. एका संध्याकाळी त्या पितळेची एक लांबट डबी घेऊन आल्या. “काका, बाबांचा पाइप आहे. ते जाऊन अठरा वर्षं झाली. तुम्ही जुने पाइप नीट करता असं कळलं. जरा नीट करून द्याल का?” डबीत मऊ फडक्यात गुंडाळलेला पाइप होता. त्यांचे वडील रेल्वेत अधिकारी होते. पाइप साधा होता, पण चांगल्या लाकडाचा. मी म्हणालो, “ताई, नव्यासारखा करून देतो.” डबी आणि फडकं त्या घरी घेऊन गेल्या.

बारा दिवस मी त्या पाइपवर काम केलं. त्याआधी इतकं चांगलं काम माझ्या हातून झालं नव्हतं. कडेचा जळलेला भाग गेला, दोन पोचे वाफेने भरून आले, स्टेम काळाभोर झाला. वाटीत तीन रात्री कापूस आणि अल्कोहोल ठेवलं. शेवटी कार्नोबा मेण चढवलं. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून ते मिळतं, आणि इतकं कडक असतं की चाकाच्या घर्षणाच्या उष्णतेनेच लाकडावर पसरतं. लाकडाच्या रेघा आगीच्या ज्वाळांसारख्या वर आल्या होत्या.

बाई आल्या. पाइप हातात घेतला, उजेडाकडे वळवला. “किती सुंदर केलात हो, काका.” मग त्यांनी तो नाकाशी नेला. थांबल्या. परत नेला. वाटी, मग दांडा, मग पुन्हा वाटी.

“याला वासच येत नाही,” त्या म्हणाल्या.

मी अभिमानाने सांगणार होतो की तीन रात्री लागल्या. पण त्यांचा चेहरा बघितला आणि बोललो नाही. त्या खाली बसल्या. दर वर्षी बाबांच्या वाढदिवसाला त्या ती डबी उघडायच्या. पाइप नाकाशी धरायचा, एक श्वास घ्यायचा आणि डबी बंद करायची. वास उडून जाऊ नये म्हणून वर्षातून एकदाच. अठरा वर्षं त्यांनी तो असा पुरवून वापरला होता. त्या रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, “परत येईल का तो?”

मी गप्प राहिलो. त्या गेल्यावर कचऱ्याची बादली उघडली. घंटागाडी सकाळीच येऊन गेली होती. ते सगळे काळे क्लीनर, तो तांबूस कापूस, त्यातच त्यांचे वडील होते, आणि मी ते माझ्या हाताने टाकले होते. रात्री बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “काम घेताना तुम्ही विचारलं होतंत का त्यांना, काय नीट करायचं ते?”

विचारलं नव्हतं. ३१ वर्षं ज्याने ड्रॉइंगशिवाय मशिन चालू केलं नाही, त्याने इथे ड्रॉइंग मागितलंच नव्हतं. पाइप पाहिला आणि ड्रॉइंग मीच मनात काढलं : कारखान्यातून निघाला तेव्हा होता तसा. पण कारखान्यातून निघालेला तो पाइप त्यांच्या वडिलांचा नव्हताच. तो अजून कुणाचाच नव्हता. तो त्यांच्या वडिलांचा झाला तो नंतर साचलेल्या सगळ्यामुळे, आणि तेच मी दोष समजून काढत बसलो होतो. एकाच थराला मी कीट म्हणत होतो आणि त्या बाबा म्हणत होत्या. भिंग लावून हा फरक दिसत नाही. तो विचारावाच लागतो.

तो पाइप आता त्यांच्या दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये असतो. त्यांच्याकडे गेलो की दिसतो, चमकतो. पितळेची डबी मात्र मला परत दिसली नाही.

त्यानंतर मी दोन महिने कुठल्याच पाइपला हात लावला नाही. पुन्हा सुरुवात केली तेव्हा टूलरूममध्ये असायचं तसं जॉबकार्ड तयार केलं. त्यात तीन रकाने आहेत : काय काढायचं, काय ठेवायचं, काय विचारायचं. तिसरा रकाना भरून झाल्याशिवाय पहिल्या दोन्हींत काही लिहीत नाही. पाइप आला की झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवतो, सकाळी डबा उघडून वास घेतो आणि मालकाला फोन करतो. “वास ठेवायचा का?” हा माझा पहिला प्रश्न असतो. काही जण म्हणतात, छे, काढा. काही जण बराच वेळ बोलत नाहीत. जे बोलत नाहीत त्यांच्या पाइपच्या वाटीत मी अल्कोहोल घालत नाही. कोरड्या फडक्याने पुसतो, स्टेम वेगळा करून तेवढाच घासतो, आणि निघालेला प्रत्येक क्लीनर कागदाच्या पाकिटात घालून पाइपबरोबर परत देतो.

सध्या टेबलावर कोल्हापूरहून आलेला एक पाइप आहे. स्टेम पूर्ण तपकिरी, टोकाला डावीकडे एक खोल, तिरकी खाच. आधी मी ती ऊब देऊन उठवली असती, उरलेली पूड घालून भरली असती, आणि तासाभरात तिचा मागमूस राहिला नसता. फोन केला तर पलीकडून तिशीतला एक मुलगा बोलला. “खाच राहू दे, काका. आजोबांचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. ते हसले की तो दिसायचा. फोटोत ते कधी हसले नाहीत, त्यामुळे तो दात कुठल्याच फोटोत नाही.”

जॉबकार्डवर मी लिहिलं : ‘स्टेम, डावी बाजू, खाच. हात लावायचा नाही.’ मग टेपचा एक तुकडा कापला, खाच पूर्ण झाकली जाईल असा चिकटवला, कडा नखाने दाबून घेतल्या. वॉटर पेपर पाण्यात बुडवला. गंधकाचा वास सुटला. टेपच्या कडेपर्यंत घासत जायचं, आणि तिथे थांबायचं. टेप काढल्यावर काळ्याभोर स्टेमवर तेवढाच एक तपकिरी ठिपका राहील, अर्ध्या दाताच्या मापाचा.